उन्हाळ्याआधी ग्राफिक्स कार्डाचा कूलर बदलताना

विदर्भात लग्नसराई आणि उन्हाळा बरोबरच येतात, आणि गोंदियातल्या व्हिडिओ मिक्सिंगवाल्यांच्या संगणकांची खरी परीक्षा तेव्हाच होते. एप्रिल-मेमध्ये एकेका लग्नाचे हळदीपासून बिदाईपर्यंतचे चित्रीकरण डिस्कवर साचत जाते, बाहेर पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि दुपारी रेंडरला लावलेली फाइल सकाळच्यापेक्षा जास्त वेळ खाते. ग्राफिक्स कार्डाचे पंखे घोंगावू लागतात, कधी पडदा काळा होऊन संगणक बंदच पडतो. गेम खेळणाऱ्या पोरांचीही हीच तक्रार. मग कोणीतरी सांगतो : कार्डाचा कूलर बदलून टाक, वेगळे मोठे कूलर मिळतात. सल्ला खोटा नाही. पण कूलर बदलणे हा या दुखण्यावरचा शेवटचा उपाय आहे, आणि बदलायचाच झाला तर आपल्याकडच्या हवेत कोणता प्रकार टिकेल, हे आधी कळायला हवे.

हिशेब साधा आहे. हवेने थंड होणारे कोणतेही कार्ड खोलीच्या तापमानाच्या खाली जात नाही. ते खोलीपेक्षा किती वर जाईल, एवढेच कूलरच्या हातात असते. एखादे कार्ड पूर्ण भारावर खोलीपेक्षा ४५ अंशांनी तापत असेल, तर २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत ते ७० वर थांबेल आणि ४२ अंशांच्या दुकानात ८७ वर जाईल. परीक्षणांत छापून येणारे आकडे पहिल्या खोलीतले असतात, आपण बसतो दुसरीत. एनव्हिडियाने आरटीएक्स ३०६० साठी कमाल ९३ अंश आणि जीटीएक्स १०६० साठी ९४ अंश दिले आहेत, पण त्याच्या बरेच आधी, साधारण ८३ अंशांच्या आसपास, बहुतेक कार्डे स्वतःहून वेग कमी करू लागतात. दुपारचा रेंडर रेंगाळतो तो यामुळे.

म्हणून पहिला खर्च कार्डावर नव्हे, खोलीवर करावा. खसताट्यांचा कूलर कोरड्या मे महिन्यात खोली चांगली थंड करतो, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. त्या झोताबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात, आणि ओलसर हवेत धूळ हीटसिंकवर नुसती बसत नाही, चिकटून थर धरते. कूलर एका भिंतीला आणि संगणक त्याच्या रेषेबाहेर ठेवा, आणि हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी असू द्या. खिडकी बंद असेल तर खोलीत नुसता दमटपणा भरतो आणि कूलर कामाचा राहत नाही.

मोजल्याशिवाय पेचकस उचलू नका

एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड हे फुकट मिळणारे प्रोग्राम घ्या. खोलीतले तापमान मोजायला साधा डिजिटल थर्मामीटर संगणकाजवळ ठेवा. मग रोजच्या कामातली एखादी मोठी फाइल रेंडरला लावून अर्धा तास चालू द्या, किंवा युनिजिनची सुपरपोझिशन चाचणी चालवा. कागदावर सहा गोष्टी लिहा : खोलीचे तापमान, चिपचे तापमान, हॉटस्पॉट म्हणजे चिपवरच्या सर्वांत तप्त बिंदूचे तापमान, मेमरीचे तापमान दिसत असेल तर ते, पंख्याचे फेरे आणि कार्ड किती वॅट खाते तो आकडा. हा कागद जपून ठेवा. नंतर केलेल्या प्रत्येक बदलाचा न्याय याच्यावरून करायचा आहे, आणि तो नेहमी ‘खोलीपेक्षा किती वर’ असाच करायचा. सकाळी आठचा आकडा दुपारी तीनच्या आकड्याशी ताडून कूलर चांगला की वाईट हे ठरत नाही.

चिप आणि हॉटस्पॉट यांच्यात १०-१५ अंशांचा फरक नेहमीचा आहे. तो पंचविशीच्या पुढे गेला असेल, तर चिपवरची पेस्ट वाळलेली किंवा बाजूला सरकलेली आहे, कूलरचा दोष नाही. एएमडीच्या अलीकडच्या कार्डांत हॉटस्पॉटचा आकडा जास्त दिसतो, त्याने घाबरू नका. आरएक्स ५७०० एक्सटीच्या वेळी, २०१९ मध्ये, कंपनीने ११० अंशांपर्यंतचा हॉटस्पॉट मर्यादेतच असल्याचे सांगितले होते.

आणि एकच आकडा वेडावाकडा दिसला तर लगेच त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मे २०२४ च्या शेवटी नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि हवामान खात्याला तो सेन्सर बिघडल्याचे सांगावे लागले. संगणकातही सेन्सर असेच असतात. दुसऱ्या प्रोग्रामने ताडून पाहा.

आणखी एक सोपी तपासणी. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून तीच फाइल पुन्हा चालवा. तापमान सात-आठ अंशांनी उतरले तर दोषी कार्ड नाही, कॅबिनेट आहे. आपल्याकडे जुळवून दिलेल्या बऱ्याच संगणकांत मागे एकच छोटा पंखा असतो आणि समोर काचेची सपाट पाटी, हवा आत यायला जागाच नाही. तिथे पुढे दोन पंखे लावण्याने जे होईल ते महागड्या कूलरने होणार नाही.

धानाची धूळ

गोंदियाच्या धुळीचा वेगळा विचार करायला हवा. जिल्हा धानाचा, शहर आणि आसपास राइस मिलच्या रांगा. मिलमधून उडणाऱ्या धुळीत दोन निरनिराळ्या वस्तू असतात. तांदूळ पांढरा करताना निघणाऱ्या कोंड्यात १५ ते २० टक्के तेल असते. राइस ब्रान तेल याच कोंड्याचे. ही धूळ तेलकट असल्यामुळे हीटसिंकच्या पट्ट्यांना धरते आणि ब्लोअर मारला तरी सुटत नाही. दुसरा वरचा भुसा. तो जाळला की पाचव्या हिश्शाएवढी राख उरते आणि ती बहुतांशी सिलिका असते, वाळूच्या जातीची. पंख्याच्या बेअरिंगमध्ये गेली की घासते. पंखा सुरू होताना करकरतो आणि थोड्या वेळाने गप्प होतो, तेव्हा बेअरिंग जायला आले असे समजा.

त्यामुळे मिलच्या आसपास दुकान असेल तर नुसती हवा मारून कार्ड साफ होत नाही. पंखे काढून हीटसिंकवर मऊ ब्रश फिरवा. चिकट थर असेल तर ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ब्रश बुडवून पट्ट्या धुवा आणि पूर्ण वाळू द्या. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असते आणि ते मागे राहते. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. हवेने गरगर फिरलेला पंखा उलट वीज तयार करतो आणि बेअरिंगवरही ताण येतो. अनेकांचे काम इथेच संपते : धुतल्यावर दहा अंश उतरले की कूलरचा विषय पुढच्या वर्षावर जातो.

दुसरा फुकटचा उपाय म्हणजे कार्डाला कमी वीज द्यायची. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिटची पट्टी असते, ती ८० टक्क्यांवर आणा. १७० वॅटचे आरटीएक्स ३०६० मग १३६ वॅटवर चालते आणि रेंडरचा वेळ त्या मानाने फारच थोडा वाढतो. थोडे शिकायची तयारी असेल तर व्होल्टेज कमी करा. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते, त्यामुळे थोड्या कपातीने बरीच उष्णता वाचते. उष्णता निर्माणच झाली नाही तर ती बाहेर काढायला कूलर लागत नाही. नवतप्याच्या नऊ दिवसांत तरी हा उपाय प्रत्येकाने करावा, कूलर कुठलाही असो.

मग कूलर कधी बदलायचा?

माझ्या मते चार प्रसंगी. पंखा मोडला आहे आणि त्याच मापाचा सुटा पंखा कुठेच मिळत नाही. कार्ड ब्लोअर जातीचे आहे, म्हणजे एकच बंद पंखा मागून हवा फेकतो, आणि त्याचा आवाज ग्राहकासमोर बसवत नाही. कार्ड वापरलेले घेतले आहे आणि आधी खाणकामाला, म्हणजे क्रिप्टो चलन काढायला, चोवीस तास जुंपलेले होते. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने ती पद्धत बंद केली तेव्हा अशी कार्डे जुन्या बाजारात मोठ्या संख्येने आली, आणि त्यांची चिप चांगली पण पंखे व थर्मल पॅड (मेमरी आणि हीटसिंक यांच्यामधले मऊ तुकडे) संपलेले, असे पुष्कळदा असते. चौथा प्रसंग, वर सांगितलेले सगळे करून झाले आणि तरी खोलीपेक्षा ५० अंश वर.

वॉरंटी चालू असेल तर हात लावू नका, थेट विक्रेत्याकडे जा. ७५ वॅटच्या जीटीएक्स १६५० सारख्या कार्डासाठी मोठा कूलर घेणे पैशाची नासाडी आहे. लॅपटॉपचा तर प्रश्नच येत नाही.

सुट्या पंख्याबद्दल एक सूचना. शोधताना कार्डाचे नाव पुरत नाही, एकाच नावाच्या कार्डात वेगवेगळे पंखे असतात. पंखा काढून मागच्या चकतीवर छापलेला क्रमांक वाचा, स्क्रूच्या छिद्रांमधले अंतर मोजा आणि तारा दोन, तीन की चार ते पाहा. तोच क्रमांक मिळाला तर बाकीचा लेख तुम्हाला वाचायची गरज नाही.

बाजारातले प्रकार

दहा-बारा वर्षांपूर्वी स्वतंत्र कूलरांचा जमाना होता. आर्क्टिकचा अ‍ॅक्सेलेरो एक्स्ट्रीम, त्यावर ९२ मिलिमीटरचे तीन पंखे, आणि रायजिनटेकचा मॉर्फियस, ज्यावर पंखे आपले आपण लावायचे, ही त्यातली नावाजलेली नावे. पुढे कार्ड बनवणाऱ्यांनीच दोन-तीन पंख्यांचे जाडजूड कूलर द्यायला सुरुवात केली आणि हा धंदा आटला. आज हे कूलर मिळाले तर बहुधा जुनेच मिळतात. त्यांच्यात मूळ कूलर पूर्ण काढावा लागतो आणि मेमरीच्या प्रत्येक चिपवर, वीज नियंत्रित करणाऱ्या मॉस्फेटवर अ‍ॅल्युमिनियमचे छोटे तुकडे चिकटवावे लागतात.

दुसरा प्रकार पाण्याचा : एनझेडएक्सटीच्या क्रॅकेन जी१२ सारखी पट्टी, जिने प्रोसेसरसाठीचा बंद पाण्याचा कूलर कार्डावर बसतो. थंड छान करतो. पण पाणीही खोलीच्या तापमानाखाली जात नाही, पंप गेला तर दुरुस्ती होत नाही, आणि नवा माल नागपूरहून किंवा कुरियरने येईपर्यंत काम ठप्प. गोंदियात बसून मी हा प्रकार कोणाला सुचवणार नाही.

तिसरा प्रकार मला इथे सर्वांत शहाणपणाचा वाटतो. कार्डाचा मूळ हीटसिंक तसाच ठेवायचा, फक्त त्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण आणि बारीक पंखे काढून त्या जागी कॅबिनेटचे १२० किंवा ९२ मिलिमीटरचे दोन पंखे बांधायचे. मोठा पंखा कमी फेऱ्यांत तेवढीच हवा देतो, आवाज कमी होतो, आणि तो बिघडला तर कोणत्याही संगणकाच्या दुकानात दुसरा मिळतो. सगळ्यात मोठा फायदा वेगळाच आहे. मेमरी आणि मॉस्फेट यांना थंड करणारी मूळ पाटी जागेवर राहते. चिकटवलेले सुटे तुकडे हा स्वतंत्र कूलरांचा कच्चा दुवा आहे. उभ्या कॅबिनेटमध्ये कार्ड पालथे असते, म्हणजे तुकडे खाली लटकतात, आणि आपल्या उन्हात चिकटपट्टी मऊ पडून एखादा तुकडा सुटला की तो खालच्या पंख्यात किंवा मदरबोर्डवर पडतो. धातूचा तुकडा चालू मदरबोर्डवर पडल्यावर काय होते, ते सांगायला नको.

मूळ हीटसिंकच लहान असेल, एका साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यासारखा, तर मात्र पंखे बदलून फार फरक पडत नाही. तांब्याच्या नळ्या आणि लांब पट्ट्या असतील तरच हा मार्ग धरा.

मापे

व्हर्नियर कॅलिपर हवाच. आयटीआयला जाणारा मुलगा घरात असेल तर त्याच्याकडे असतो. स्वतंत्र कूलर बसवायचा असेल तर चिपभोवतीच्या चार छिद्रांतले अंतर मोजा. कर्ण नव्हे, बाजू. ५३.३ आणि ५८.४ मिलिमीटर ही नेहमी आढळणारी मापे आहेत, पण अंदाजावर कूलर मागवू नका. पंखेच बदलायचे असतील तर जाडी बघा. कॅबिनेटमधला एक स्लॉट म्हणजे २०.३ मिलिमीटर. साधा पंखा २५ मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे दोन स्लॉटचे कार्ड आवरण काढल्यानंतरही तीन स्लॉटचे होऊन बसते. खाली दुसरे कार्ड किंवा वीजपुरवठ्याचा डबा आडवा येत असेल तर १५ मिलिमीटर जाडीचे पंखे घ्या, ते मिळतात. वजन वाढले तर कार्डाचे टोक खाली झुकते. त्याला आधाराची छोटी काठी मिळते, ती लावा.

ब्लोअर कार्डाचा कूलर बदलणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचे. ब्लोअर निदान सगळी उष्णता मागून बाहेर फेकतो. उघडे पंखे ती कॅबिनेटमध्येच सोडतात. वरती किंवा मागे हवा ओढणारा पंखा नसेल तर कार्ड थंड आणि प्रोसेसर गरम, अशी अदलाबदल होईल.

काम कसे करावे

सकाळचा वेळ निवडा. घाईत करण्यासारखे हे काम नाही. कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्थिर वीज जास्त साचते, म्हणून सुती कपडे घाला, सतरंजीवर बसू नका, लाकडी टेबल घ्या. संगणकाची वायर पूर्ण काढा, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, आणि कार्डाला हात लावण्याआधी प्रत्येक वेळी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा. वायर लावून ठेवा म्हणजे अर्थिंग मिळते, असा सल्ला काही जण देतात. आपल्या गावांत किती घरांचे अर्थिंग खरे असते ते तुम्हाला ठाऊक आहे. वायर काढलेलीच बरी.

संगणक बंद करून वायर काढण्याआधी दहा मिनिटे कार्डाला काम द्या, म्हणजे पेस्ट मऊ होईल. स्लॉटच्या टोकाची कळ दाबल्याशिवाय कार्ड ओढू नका. मग उलट करून स्क्रू काढा. शून्य आणि एक नंबरचे प्लस पेचकस लागतात, आणि नेमके मापाचे लागतात, नाहीतर स्क्रूचे डोके घासते. स्क्रू कुठला कुठून निघाला ते कळावे म्हणून कागदावर कार्डाची आकृती काढून त्यात त्या त्या जागी स्क्रू खोचून ठेवा. हीटसिंक सरळ वर ओढू नका. थोडा डावीकडे-उजवीकडे फिरवला की पेस्ट सुटते. तो सुटला तरी झटकन उचलू नका, खाली पंख्याची आणि दिव्यांची वायर जोडलेली असते. तिचे टोक प्लॅस्टिकला धरून काढा, तारेला धरून नाही.

आता थांबा आणि मोबाइलवर फोटो काढा. थर्मल पॅड कुठे आहेत, किती लांब आहेत, कोणते फाटले. पॅडची जाडी कॅलिपरने मोजा, दबलेल्या भागात नव्हे, कडेच्या न दबलेल्या भागात. बाजारात ०.५, १, १.५, २ आणि ३ मिलिमीटर अशा जाड्या मिळतात. या कामातली सर्वांत महागडी चूक पॅडची आहे. अर्धा मिलिमीटर जाड पॅड लावला की हीटसिंक मेमरीवर टेकतो आणि चिपपासून वर उचलला जातो, मग कितीही भारी पेस्ट लावा, हॉटस्पॉट शंभरी गाठतो. पातळ लावला तर उलट, चिप छान आणि मेमरी भाजते. माप कळत नसेल तर थर्मल पुटी घ्या. ती कणकेसारखी असते, दाबली की हवी तेवढी जाडी घेते आणि या गोंधळातून सोडवते.

जुनी पेस्ट अल्कोहोलने ओल्या केलेल्या कापडाने पुसा. मधला चकचकीत चौकोन म्हणजे उघडी सिलिकॉन चिप. तिला पेचकस, ब्लेड, नख, काहीही लावू नका. तिच्याभोवती मोहरीएवढे भाग असतात, त्यांवर पेस्ट उरली तर राहू द्या, खरवडू नका.

नवी पेस्ट निवडताना जाहिरातीतला वॅटचा आकडा बघण्यापेक्षा घट्टपणा बघा. ग्राफिक्स कार्डाची चिप तापते-निवते तसतशी पातळ पेस्ट कडेला ढकलली जाते, आणि आपल्याकडे तापण्या-निवण्याचा पल्ला मोठा. हनीवेलचा पीटीएम ७९५० हा पेस्टऐवजी वापरायचा पातळ पत्रा यासाठी चांगला आहे. तो ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन पसरतो आणि जागा सोडत नाही. मात्र उन्हाळ्यात हाताळताना चिकटतो, म्हणून लावण्याआधी दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा, मग कागद सुटतो. नकली मालही फिरतो आहे, खात्रीच्या दुकानातूनच घ्या. द्रवरूप धातूच्या नादी लागू नका. तो अ‍ॅल्युमिनियम खातो आणि सांडला तर कार्ड गेले.

पेस्ट उघड्या चिपवर पूर्ण पसरावी, पातळ थरात. प्रोसेसरसारखा मध्ये ठिपका ठेवून भागत नाही, कारण इथे वर धातूचे झाकण नाही. कोपरा कोरडा राहिला की तिथेच हॉटस्पॉट. स्क्रू आवळताना एक कोपरा, मग त्याच्या समोरचा तिरपा कोपरा, प्रत्येकी अर्धा फेरा, असे चारही हळूहळू बसवा. एकच बाजू आधी कसली तर चिपची कड तुटते. स्क्रू टेकला की थांबा. एकदा बसवल्यावर पुन्हा काढून ठसा पाहावा, असे मी सांगेन. ठसा चारही कडांना सारखा उमटला असेल तर पुसून नवी पेस्ट लावून कायमचे बसवा. दहा मिनिटांचे काम वाढते, पण मन निश्चिंत होते.

पंखे बांधायला नायलॉनचे केबल टाय चालतात. चांगले टाय ८५ अंशांपर्यंत टिकतात आणि हीटसिंकच्या पट्ट्या सहसा तेवढ्या तापत नाहीत. टाय हीटसिंकच्या पट्ट्यांतून किंवा चौकटीतून ओवा, सर्किटच्या मागच्या बाजूने आवळून नव्हे, तिथले बारीक भाग उखडतात. पंख्याची हवा हीटसिंककडे जायला हवी. पंख्याच्या कडेला बाण असतो. नसेल तर ज्या बाजूला चार दांड्या आणि स्टिकर आहे तिकडून हवा बाहेर पडते. दोन पंख्यांच्या मध्ये आणि कडेला फट राहिली तर जाड कागदाची पट्टी लावा, हवा फटीतून निसटते.

वायरचा प्रश्न

कार्डावरचे पंख्याचे टोक बारीक असते, कॅबिनेटच्या पंख्याचे मोठे. मधली जोडवायर मिळते. ती लावण्याआधी कार्डावरच्या तारांचा क्रम तपासा, कारण सगळ्या कंपन्यांत तो सारखा नसतो आणि बारा व्होल्टची तार चुकीच्या खिळ्यावर गेली तर नुकसान कार्डाचे होते. दुसरी तपासणी अँपिअरची. जुन्या पंख्यांच्या स्टिकरवर ०.३५, ०.५ असा आकडा असतो. नव्या पंख्यांची बेरीज त्या जुन्या बेरजेच्या वर जाऊ देऊ नका.

हे जमत नसेल, किंवा जोडवायर मिळत नसेल, तर पंखे सरळ मदरबोर्डच्या पंख्याच्या पिनांवर लावा आणि ‘फॅन कंट्रोल’ या फुकट प्रोग्रामने त्यांचा वेग ग्राफिक्स कार्डाच्या तापमानावर बांधा. मला स्वतःला हीच पद्धत आवडते, कारण कार्डाच्या विजेला हात लागत नाही. कार्ड शून्य फेरे दाखवील, बहुतेक कार्डे त्यावर तक्रार करत नाहीत. एवढेच लक्षात ठेवा, विंडोज नव्याने टाकले की हा प्रोग्राम पुन्हा टाकायचा, आणि तो सुरू नसताना पंखे अगदीच मंद राहणार नाहीत असा किमान वेग बायोसमध्ये ठरवून ठेवायचा. ४० टक्के ठीक. थंड असताना पंखे पूर्ण थांबवण्याची सोय असते, ती आपल्याकडे मार्च ते जून बंदच ठेवा.

पहिली सुरुवात

बाजूचा पत्रा न लावता संगणक सुरू करा. दोन्ही पंखे फिरतात ना, ते डोळ्यांनी पाहा. पाच मिनिटे काही न करता तापमान बघा, मग रेंडर लावा. काही सेकंदांतच हॉटस्पॉट ९५-१०० कडे झेपावला तर लगेच बंद करा, हीटसिंक चिपवर टेकलेला नाही. आकडा हळूहळू चढून स्थिर झाला तर अर्धा तास थांबा आणि जुना कागद काढा. खोलीपेक्षा वरची वाढ आधीपेक्षा दहा अंशांनी कमी असेल तर काम चांगले झाले. तीन-चार अंशांनीच कमी असेल, पण आवाज निम्म्यावर आला असेल, तर तेही वाईट नाही.

मॉस्फेटचे तापमान बऱ्याच कार्डांत दिसत नाही. ते मोजायला कारखान्यातली इन्फ्रारेड बंदूक हवी. करोनाच्या काळात घेतलेली कपाळावर धरायची बंदूक इथे चालत नाही, ती शरीराच्या तापमानाच्या पल्ल्याबाहेर गेली की चूक दाखवते. चकचकीत धातूवर कोणतीही बंदूक कमीच दाखवते, म्हणून मोजायच्या जागी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा.

पुढची निगा फार नाही. कॅबिनेट जमिनीपासून वीतभर उंच ठेवा, लाकडी बंद कप्प्यात कोंबू नका. आत हवा घेणाऱ्या पंख्यांवर बारीक जाळी लावा आणि हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त असू द्या, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही. वर्षातून दोनदा कार्ड उघडा : खरिपाच्या धानाची मिलिंग जोरात असते तो हंगाम सरल्यावर एकदा, आणि पावसाळा संपल्यावर एकदा.

काढलेले मूळ आवरण, पंखे आणि उरलेले स्क्रू एका पिशवीत घालून त्यावर कार्डाचे नाव लिहा आणि कपाटात ठेवा. कार्ड विकताना गिऱ्हाईक तेच मागते. आणि हे सगळे होळीच्या आत उरका. पॅड चुकीच्या जाडीचे निघाले किंवा जोडवायर बसली नाही, तर बदली माल यायला वेळ लागतो, आणि एकदा लग्नाच्या तिथी सुरू झाल्या की तुमचे कार्ड टेबलावर उघडे पडून राहणे ना तुम्हाला परवडेल, ना नवरदेवाच्या बापाला.